देवघरातले शाळिग्राम, बाण आणि पंचायतन: ओळखायचे कसे, पुजायचे कसे, सांभाळायचे कसे

आत्याने कोकणातलं घर बंद केलं आणि देव माझ्याकडे आले. देव म्हणजे काय, तर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात पितळेची डबी, डबीत कापूस आणि कापसात पाच दगड. एक काळा गुळगुळीत, एक करडा अंड्यासारखा, एक लालसर, एक काचेसारखा आणि एक पिवळट चमचमणारा. मी घाबरले ना, कारण आमच्याकडे पुण्यात देवघर म्हणजे बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि एक फोटो, एवढंच. आत्याला फोन केला तर म्हणाली, "अगं, रोज पाणी घाल, बाकी त्यांचं ते बघतात."

तेव्हापासून बऱ्याच गुरुजींना आणि नातेवाइकांना विचारून, थोडं वाचून आणि एकदा चांगलीच चूक करून जे कळलं ते सगळं इथे एकत्र लिहितेय. कारण ज्यांच्याकडे असे देव अचानक येतात ते दोनच गोष्टी करतात, एकतर भीतीने डबी कपाटात ठेवून देतात नाहीतर नियमांची यादी ऐकून गुपचूप कुठल्यातरी देवळात ठेवून येतात. दोन्हीची गरज नाहीये.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असं आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो, पण हे लोक टाकीचा एक घाव न सोसता देव झालेले आहेत. म्हणूनच शाळिग्राम (विष्णूचा दगड) आणि बाण (शिवाचा दगड) यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही. आवाहन नाही, विसर्जनही नाही. देवत्व त्यांच्यात मुळातच आहे असं शास्त्र मानतं. त्यामुळे "प्रतिष्ठा केली नाही तर चालेल का", "पूजेत खंड पडला, आता शांत करावी लागेल का" हे प्रश्न यांच्या बाबतीत निम्मे तरी गळून पडतात. डबीत दहा वर्षं पडून असले तरी धुवा, पुसा, गंध लावा, झाली सुरुवात.

आधी डबी उघडा आणि कोण कोण आहे ते बघा

पाच दगड असतील तर बहुतेक ते पंचायतन आहे, म्हणजे विष्णू, शिव, गणपती, सूर्य आणि देवी. स्मार्त घरांतून ही पूजा चालत आलीय आणि तिची परंपरा आद्य शंकराचार्यांशी जोडतात.

काळा गुळगुळीत तो शाळिग्राम, म्हणजे विष्णू. हा येतो नेपाळातल्या काली गंडकी नदीतून, मुस्तांग भागातून. नीट बघितलं तर कुठेतरी एक छिद्र किंवा फट दिसेल, आत बॅटरी मारली तर गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी दिसतात, त्यालाच चक्र म्हणतात. पुराणात म्हटलंय की वज्रकीट नावाचा किडा हा दगड आतून कोरतो. भूगर्भशास्त्र म्हणतं की हा अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म आहे, साधारण १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वीचा, हिमालय उभा राहायच्या आधी तिथे टेथिस समुद्र होता तेव्हाचा. मला तर दोन्हीत भांडण दिसत नाही, दोघंही म्हणतायत की आत एक जीव होता. कथाही माहीत असेलच, विष्णूने जालंधराचं रूप घेऊन वृंदेला फसवलं, तिने दगड हो म्हणून शाप दिला, म्हणून तो शिळा झाला आणि ती तुळस. त्यामुळे तुळशीशिवाय शाळिग्रामाची पूजा नाही, आणि तुळशीचं लग्नही काही घरांत बाळकृष्णाऐवजी शाळिग्रामाशी लावतात.

अंड्यासारखा, लांबट, दोन्ही टोकांना गोल तो बाण. नर्मदेतला शिव. "नर्मदा के कंकर सब शंकर" असं तिकडे म्हणतातच. रंग करडा, तपकिरी, मधाळ, कधी अंगावर पट्टे. हा दगड गारगोटीच्या जातीचा असतो, त्यामुळे चांगलाच टणक.

लालसर, गेरूच्या रंगाचा तो शोणभद्र, म्हणजे गणपती, शोण नदीतला. काचेसारखा पारदर्शक तो स्फटिक, सूर्य. आणि पिवळट चकाकणारी ती देवी. तिचा दगड खरं तर आंध्रातल्या श्रीकाळहस्तीजवळून वाहणाऱ्या सुवर्णमुखी नदीतला असावा असं म्हणतात, पण बऱ्याच डब्यांतून सुवर्णमाक्षिक निघतं, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं सोन्यासारखं चमकणारं खनिज. हिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, ते वगळू नका.

कधीकधी सहावा एक पांढरट दगड असतो, अंगावर चाकांची नक्षी असलेला. ती द्वारकेची चक्रांकित शिळा, मूळचं प्रवाळ. शाळिग्रामाबरोबर पुजतात.

नवीन घ्यायचा असेल तर

वडिलोपार्जित असेल तर हा भाग सोडून द्या, पणजोबांनी आणलेल्या देवाची परीक्षा घेत बसू नका.

नवीन घेताना मात्र डोळे उघडे ठेवा, कारण या धंद्यात फसवणूक खूप आहे. शाळिग्रामाची किंमत करू नये, विकू नये असं शास्त्र सांगतं, आणि बाजारात तर लेबल लावून ठेवलेले असतात. सिमेंट किंवा रेझिनमध्ये साच्याने चक्र उठवून, काळा रंग देऊन सर्रास विकतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात पुसा, काळं सुटलं तर ठेवून द्या. हातात घ्या, दगडाचा जडपणा आणि गारवा लगेच कळतो, रेझिन हलकं आणि कोमट लागतं. भिंगातून चक्राच्या रेषा बघा, खऱ्यात त्या सारख्या अंतरावर नसतात, वेटोळं बाहेर जाईल तशा रुंद होत जातात, कुठेतरी तुटतात, आणि नक्षी कोरून काढलेली असेल तर खोबणीत हत्याराचे ओरखडे दिसतात. अगदी आरशासारखा तुळतुळीत, दोन्ही बाजूंनी सारखा, आणि वर बरोबर मध्यभागी चक्र, असा दिसला तर मी तरी घेणार नाही. घरच्या पूजेला आवळ्याएवढा छोटा शाळिग्राम चांगला मानतात. मोठं उघडं तोंड असलेला तो नृसिंह, उग्र, तो गृहस्थाने शक्यतो घेऊ नये म्हणतात.

बाणाचं वेगळंच आहे. पूर्वी ओंकारेश्वरच्या वरच्या अंगाला धावडी कुंडात पाण्याच्या घुसळणीने घासून निघालेले बाण मिळायचे, ते कुंड आता ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली आहे. आज बाजारात येणारे बहुतेक नर्मदेचे दगड मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावात मशीनवर घासून आकार दिलेले असतात. दगड नर्मदेचाच, पण टाकीचे घाव सोसलेला, एवढाच फरक. माझ्या मते पुजायला काहीच हरकत नाही, फक्त विकणारा "स्वयंभू" म्हणून तिप्पट पैसे मागत असेल तर हसून पुढे जा. जुनी परीक्षा अशी की बाण तांदळांबरोबर तीन किंवा पाच वेळा तोलायचा, दर वेळी वजन वेगळं भरलं तर खरा. करून बघा हवं तर, किचनच्या डिजिटल काट्यावर माझा बाण पाचही वेळा सारखाच भरला, आत्याला सांगितलं तर म्हणाली काट्यावर विश्वास ठेवणार का देवावर. स्फटिकाचं सोपं आहे, आत गोल गोल बुडबुडे दिसले तर काच.

शाळिग्राम स्वतः नेपाळात मुक्तिनाथच्या देवळाला जाऊन आणायचा असेल तर पोखऱ्याहून जोमसोमपर्यंत विमान किंवा जीप, पुढे कागबेनी, मग मुक्तिनाथ. देऊळ ३,७०० मीटरच्या वर आहे, तिथल्या १०८ धारा बर्फासारख्या गार असतात, ज्येष्ठ मंडळींनी भावनेच्या भरात सगळ्या धारांखालून पळू नये. नदीच्या पात्रात शाळिग्राम शोधायचे तर कागबेनीच्या आसपास सकाळी लवकर, कारण दुपारी त्या दरीत असा वारा सुटतो की डोळ्यांत वाळू जाते आणि उभं राहवत नाही. आणि नेपाळबाहेर नेण्याचे त्या वेळचे नियम तिथल्या ऑफिसात विचारून घ्या, हॉटेलवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

मांडणी

मध्ये कोण, तर घरचा इष्टदेव. विष्णू मध्ये असेल तर विष्णुपंचायतन, शिव मध्ये असेल तर शिवपंचायतन, असं. विष्णू मध्ये असताना ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य, वायव्येला देवी. शिव मध्ये असेल तर त्याच क्रमाने विष्णू, सूर्य, गणपती, देवी.

आता गंमत अशी की इथली पूर्व होकायंत्राची नाही, देव आणि पूजा करणारा यांच्या मधली बाजू ती पूर्व असं एक मत आहे, आणि दुसरं मत सरळ खऱ्या दिशा धरतं. त्यामुळे दोन घरांत मांडणी वेगळी दिसते आणि दोघंही दुसऱ्याला चूक म्हणतात. मोबाईलचा कंपास लावून देवघरात बसू नका. घरी जशी होती तशी ठेवा. घरचं कुणालाच आठवत नसेल तर गुरुजींना एकदा विचारून फोटो काढून ठेवा, विषय संपला.

बाणासाठी शाळुंका लागते, म्हणजे पिंडीची खालची बैठक, पितळेची किंवा दगडाची, आणि तिचं पाण्याचं टोक उत्तरेकडे. बाण त्यात डगमगतोच, कारण शाळुंका बाजारातली आणि बाण नदीतला. माझा तर एका बाजूला कलायचा, दर दोन दिवसांनी लवंडलेला. याचं उत्तर शेवटी आहे.

रोजची पूजा, दहा मिनिटांची

आंघोळ करून समई किंवा निरांजन लावा. आचमन येत असेल तर करा. कालची फुलं उचला. मग देव ताम्हणात घ्या, एकावर एक टाकू नका, खण्णकन आवाज आला की टवका उडालाच समजा, म्हणून मी ताम्हणात आधी थोडं पाणी घेते.

पाणी प्यायचं घ्या, कारण तेच तीर्थ होणार आहे. पुरुषसूक्त येत असेल तर त्याच्या १६ ऋचा म्हणत शाळिग्रामावर धार धरा, रुद्र येत असेल तर बाणावर. नसेल येत तर "ॐ नमो नारायणाय" आणि "ॐ नमः शिवाय", झालं. यूट्यूबवर रुद्र लावून स्वतः फोनवर स्क्रोल करत धार धरण्यापेक्षा हे कधीही बरं. पंचामृत रोज नको, एकादशी, प्रदोष, श्रावणी सोमवार अशा दिवशी करा, आणि दूध तांब्याच्या भांड्यातून घालू नये असा नियम आहे तो पाळाच, स्टील नाहीतर चांदीची वाटी घ्या.

मग मऊ सुती फडक्याने कोरडे करा. कोरडे म्हणजे खरंच कोरडे, शाळिग्रामाच्या छिद्रात पाणी राहतं तिथे फडक्याचं टोक पिळून घाला. जागेवर ठेवा. अनामिकेने गंध लावा. शाळिग्रामाला तुळस, बाणाला बेल (गुळगुळीत बाजू खाली), गणपतीला दूर्वा आणि लाल फूल, देवीला हळदकुंकू. विष्णूला अक्षता वाहत नाहीत, गणपतीला तुळस नाही, देवीला दूर्वा नाहीत, शिवाला केवडा नाही, एवढे चार "नाही" लक्षात ठेवले की बस. तुळस रविवारी आणि द्वादशीला तोडत नाहीत, आदल्या दिवशी तोडून ठेवा. तुळस आणि बेल शिळे होत नाहीत, फ्लॅटच्या बाल्कनीत एकच कुंडी असेल तर तेच पान धुऊन परत वाहिलं तरी चालतं. बिचाऱ्या तुळशीला रोज ओरबाडू नका.

नैवेद्याला दूध-साखर, गूळ-खोबरं, जे असेल ते. आरती म्हणा, नमस्कार करा, आणि तीर्थ घ्या: "अकालमृत्युहरणं सर्वव्याधिविनाशनम् । विष्णुपादोदकं तीर्थं जठरे धारयाम्यहम् ॥" एरवी शिवाचं निर्माल्य घेत नाहीत, पण शाळिग्राम सोबत असला की तो दोष राहत नाही असं वचन आहे, म्हणून पंचायतनाचं तीर्थ बिनधास्त घेतात. फक्त एक, ताम्हणात शेंदूर लावलेला देव किंवा सुवर्णमाक्षिक असेल तर ते पाणी पिऊ नका, बाजारच्या शेंदरात बहुधा शिसं असतं. त्यांना वेगळ्या वाटीत घ्या.

आता माझी चूक

पहिल्या पावसाळ्यात आम्ही १५ दिवस गावाला गेलो. जाताना मी सगळ्यांना छान पंचामृताने न्हाऊ घातलं, घाईत अर्धवट पुसलं, कापसात गुंडाळलं आणि डबीचं झाकण घट्ट लावलं. परत येऊन उघडते तर काडेपेटीसारखा वास. देवीच्या अंगावर पांढरी-पिवळी बुरशीसारखी पूड, खालचा कापूस पिवळा पडून विरलेला, बोट लावलं तर देवीचा एक कोपरा सुटून हातात आला. मला रडूच आलं, वाटलं काहीतरी कोप झाला. कोप कसला, केमिस्ट्री होती. गंधकाचं खनिज, ओल आणि हवा एकत्र आले की आम्ल तयार होतं आणि दगड आतून फुटत जातो, कोकणात आणि मुंबईत तर हे हमखास होतं.

तेव्हा दगडाची जात बघून आंघोळ घाला. सुवर्णमाक्षिकाला पाणी नकोच, फुलाने दोन थेंब शिंपडा आणि लगेच पुसा, पंचामृत अजिबात नाही. पूड आलीच तर कोरड्या मऊ ब्रशने झाडा, धुऊ नका. डबीत बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाका, देवाला चालतं. द्वारकेची शिळा चुनखडीची, आंबट लागलं की झिजते, दह्याचा अभिषेक तिला नको. शाळिग्रामातही कधी पिवळे सोनेरी ठिपके असतात, ते त्याच खनिजाचे, म्हणून तोही कोरडा ठेवा. आणि लिंबू, चिंच, पितांबरी हे सगळं ताम्हण आणि शाळुंकेसाठी, दगडांसाठी नाही! दुधाचा थर बसला असेल तर कोमट पाणी आणि लहान मुलांचा मऊ टूथब्रश पुरे. बाण आणि स्फटिक मात्र कशालाही दाद देत नाहीत, त्यांना पाडू नका म्हणजे झालं.

लोक हमखास विचारतात ते

दोन भावांची घरं एक झाली आणि दोन शाळिग्राम आले, काय करायचं? घरात दोन शाळिग्राम, दोन शिवलिंगं, दोन शंख, तीन गणपती पुजू नयेत असा नियम आहे. शाळिग्राम एक चालतो, नाहीतर चार, सहा असे सम, फक्त दोन नकोत. जास्तीचा नात्यातल्या कुणाला द्या, आनंदाने घेतात.

शाळिग्राम भंगला तर? चालतो. मूर्ती भंगली की पूजेतून काढतात, शाळिग्रामाला तो दोष नाही, दोन तुकडे झाले तरी तो पूज्यच.

बाईने हात लावावा का? जुन्या ग्रंथांत मनाई करणारी वचनं आहेत, हे मी लपवत नाही. पण माझी आजी आजोबांच्या मागे ३० वर्षं हेच पंचायतन पुजत होती, तिच्यानंतर आत्या, आता मी. घरात पुरुष होते, त्यांना वेळ नव्हता. ज्याला वेळ आहे त्याने करावी, माझ्यापुरतं उत्तर एवढंच. तुमच्या घरी पटत नसेल तर भांडू नका, नवऱ्याला सकाळी सहाला उठवा, आठवड्यात सगळ्यांचं मत बदलतं.

गावाला जाताना काय? जवळ कुणी पूजा करणारं असेल तर त्यांच्याकडे ठेवा. नाहीतर संपुष्टातून, म्हणजे देवांच्या झाकणाच्या डबीतून, बरोबर न्या, जुने लोक तसंच करायचे. विमानात हँडबॅगेत वरच ठेवा, स्कॅनरवर दगड ठळक दिसतो आणि बॅग उघडायला लावतात, तळाशी असेल तर सगळे कपडे बाहेर येतात. सोबत नेणं जमत नसेल तर कोरडे करून, थोडी हवा लागेल अशा डबीत ठेवा, परत आल्यावर पाणी घाला.

आणि आपल्यानंतर कुणी करणारच नसेल तर? आधी नात्यात विचारा, मग ओळखीच्या देवळात किंवा मठात पुजाऱ्यांना विचारून, त्यांच्या हातात द्या. वडाच्या पारावर टाकून येऊ नका. नदीत सोडणार असाल तर ती नदी आधी एकदा पुलावरून बघून या, मग ठरवा.

देताना सोबत एक चिठ्ठी मात्र ठेवा, मध्ये कोण असतो, कुणाला पाणी चालत नाही, देव कुठून आले, जे माहीत असेल ते. मला आत्याच्या डबीत कापसाच्या अगदी खाली अशी घडी सापडली, चार महिन्यांनी, ती देवीची पूड साफ करताना. आजीचं पेन्सिलीतलं अक्षर, अर्धं पुसलेलं. मंत्र असेल असं वाटून मी चष्मा लावून बघितलं, तर एकच ओळ लागली: "बाण उजवीकडे कलतो, खाली सुपारीचं अर्धुक लावणे." लावलं. तेव्हापासून सरळ उभा आहे.